भाऊजींचा ओठ

आमच्या भाऊजींना मी तोंडावर कधी काही बोललो नाही. ते ताईचे नवरे, वयानं मोठे, आणि बँडला नाव त्यांचं. त्यामुळे उभं आयुष्य मी त्यांच्या मागे उभा राहून डबल बेस हे माणसाएवढं तंतुवाद्य वाजवलं आणि त्यांची पाठ बघितली. ते आजारी नाहीत, वारलेले तर मुळीच नाहीत, चांगले ठणठणीत आहेत. परवाच त्यांचा सत्कार झाला. तेव्हा गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये वगैरे मला कुणी शिकवायला येऊ नये.

सत्कारात त्यांची ओळख करून देणाऱ्या बाईंनी 'बहुरंगी कारकीर्द' असा शब्द वापरला. हॉटेल, जहाज, सर्कस, जाहिरात, टीव्ही, अशी सगळी नावं त्यांनी एका दमात घेतली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढी ठिकाणं माणूस का बदलतो, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला माहीत आहे, म्हणून सांगतो.

भाऊजी मुळात बिस्किटांच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवायचे. कारखान्याचं स्वतःचं वाद्यपथक होतं. सुट्टीच्या दिवशी बागेत वाजवायचं आणि मालकांकडे कुणी बडी मंडळी आली की फाटकाशी वाजवायचं. पथकाच्या मास्तरांनी यांना हात समोर धरायला लावला, खांद्यापासून मनगटापर्यंत न्याहाळला आणि म्हणाले, "हात लांब आहे तुझा, ट्रॉम्बोन घे." झालं, कलेशी त्यांची गाठ पडली ती अशी. मुलाखतीत मात्र ते लहानपणापासून स्वप्नात सोनेरी नळी दिसायची असं सांगतात. दिसत असतील तर डबे दिसत असतील.

ट्रॉम्बोन कुणी जवळून पाहिला नसेल, तर थोडं सांगतो. बँडमधल्या बाकीच्या फुंकायच्या वाद्यांना बटणं असतात, ट्रॉम्बोनला नसतात. एक नळी दुसऱ्या नळीवरून पुढे-मागे सरकवायची आणि सूर कुठे आहे तो आपल्या कानानं शोधायचा. नळीवर खूणबिण काही नसते. हात जरा कमीजास्त झाला की बेसूर. त्यातून आवाज निघतो तो ओठांच्या थरथरीतून, आणि ती थरथर ताब्यात राहावी म्हणून रोज लांबलचक सूर धरून ओठ घोटावा लागतो. हे काम कंटाळवाणं असतं. शेजारीपाजारी भिंतीवर थापा मारतात. पण चार दिवस सोडलं तर ओठ सैल पडतो, आणि वर्ष सोडलं तर 'ओठ गेला' म्हणतात. वाजवणारे लोक हे दोन शब्द आवाज खाली आणून उच्चारतात.

आता पुढचं सांगताना मला जड जातं, पण सांगायला हवं. तरुणपणी भाऊजी फार सुंदर वाजवायचे. फार म्हणजे फारच. ताई तेव्हा एका नाचाच्या शाळेत पियानो वाजवायची, आणि येता-जाता आम्ही दोघं बागेवरून जायचो. एकदा ती चालता चालता थांबली. सगळं पथक धाडधाड वाजत होतं आणि त्याच्या मधून तो एक सूर हळूच वर चढत होता. ताई म्हणाली, "आता बेसूर होतोय, आता होतोय असं वाटतं, आणि होतच नाही. कसा रे जातो हा त्या कडेनं?" मग म्हणाली, "असला सूर घरात रोज ऐकायला मिळाला तर?"

मिळाला नाही. लग्न मात्र झालं.

आम्ही तिघांनी आणि एका गमत्या स्वभावाच्या ड्रमरनं मिळून जॅझचा बँड काढला. एका हॉटेलच्या जेवणाच्या दालनात आम्हाला संध्याकाळची जागा मिळाली. पियानोच्या मागेच भटारखान्याचा झुलता दरवाजा होता, त्यामुळे ताईच्या पाठीला वाफ आणि माझ्या बेसला वेटरांचे धक्के बसायचे. तरी ते दिवस चांगले होते. भाऊजी उठून उभे राहून एकट्यानं वाजवू लागले की माणसं काटे-चमचे खाली ठेवायची.

आमच्याकडे एक गायिका होती. एका संध्याकाळी तिचा घसा बसला आणि मॅनेजर धावत येऊन म्हणाला, "कुणीतरी गा हो, लोक बसलेत!" भाऊजींनी ट्रॉम्बोन खुर्चीवर ठेवला, केसांवरून हात फिरवला आणि गायले. आवाज बरा होता. न्हाणीघरात कुणाचाही असतो तितका बरा. पण दिसायला देखणे, आणि गाताना समोरच्या टेबलावरच्या बाईकडे असं बघायचे की त्या बाईला वाटावं हे गाणं तिच्यासाठीच रचलंय. टाळ्या कोसळल्या. भाऊजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बाजूनं पाहिलं. ज्याला रोज डोंगर चढून पाणी आणावं लागत होतं, त्याला अंगणातच नळ सापडला होता.

त्या दिवसापासून घरातले लांब सूर बंद झाले. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यानं, मग "बघू". ताई विचारायची, "आज धरणार का सूर?" ते म्हणायचे, "अगं, घसा जपायला हवा. दोन्ही एकदम नाही होत." घसा जपण्यासाठी ते दुपारभर झोपत. ट्रॉम्बोन ते कार्यक्रमाला न्यायचे, दोन-चार सोपे सूर वाजवून मांडीवर आडवा धरायचे. फोटोत छान दिसायचा.

पण हॉटेलात येणाऱ्या काही खवट मंडळींना जुने दिवस आठवत होते. ती मधूनच ओरडायची, "गाणं पुरे, वाजवा!" भाऊजींनी हॉटेल सोडलं, ते माझ्या मते या ओरड्यामुळे. सांगताना ते सांगतात की समुद्रानं बोलावलं.

समुद्रानं बोलावलं म्हणजे एका पर्यटकांच्या जहाजावरच्या बँडमध्ये त्यांना घेतलं. बंदर सुटताच त्यांना बोट लागली. ते खाली केबिनमध्ये बादली पोटाशी धरून पडले ते परतीच्या बंदरापर्यंत. बँड वर त्यांच्याशिवाय वाजवत होता आणि एकाही प्रवाशानं 'ट्रॉम्बोन कुठाय' असं विचारलं नाही. एवढ्या भांडवलावर भाऊजी आजतागायत 'मी दर्यावर असताना' या शब्दांनी गोष्टी सुरू करतात. कुणी खोलात शिरलं की लाटांचं वर्णन करतात, आणि लाटा तेवढ्या त्यांना खरंच चांगल्या माहीत आहेत.

मग सर्कस. तिथे विदूषकाची पँट घसरली की ट्रॉम्बोनची नळी लांबवत सूर वरून खाली घसरवत आणायचा, एवढंच काम. याला ओठ लागत नाही, वेळ साधावी लागते. भाऊजींनी तीही साधली नाही. एका खेळाला ते पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी मान झुकवत राहिले आणि पँट बिनआवाजाची पडली. कुणी हसलं नाही. बिचारा विदूषक उघड्या पायांनी तंबूच्या मधोमध उभा. पडद्यामागे येऊन तो भाऊजींना म्हणाला, "माझी पँट तुमच्यासाठी थांबत नाही, समजलं?" भाऊजींच्या कारकिर्दीवर इतकी नेमकी टीका पुढे कुणाला जमली नाही. सर्कस त्यांनी 'कलात्मक मतभेदां'मुळे सोडली.

त्यानंतर नशीब उघडलं ते अंगाच्या साबणानं. 'फेसात हसा, हसत बसा' ही ओळ त्यांनी रेडिओवरच्या जाहिरातीत गायली आणि ती घराघरांत शिरली. रस्त्यानं जाताना मुलं मागून तीच ओळ म्हणायची आणि भाऊजी वळून हात हलवायचे. लोक त्यांना साबणवाले म्हणू लागले. त्यातून टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धेत परीक्षक झाले. स्पर्धक जरा बरं गायला की रडायचे. रडायला त्यांना कधी सराव लागला नाही.

या सगळ्या काळात बँड चालू होता, म्हणजे ताई चालवत होती. नव्या गाण्यांची मांडणी ती करायची, कुणी काय वाजवायचं ते तीच ठरवायची. भाऊजींचा आवाज वयानं जसजसा खाली येई तसतशी ती गाण्यांची पट्टी उतरवायची आणि आम्हाला म्हणायची, "मलाच खालचे सूर आवडायला लागलेत." आम्हीही बरं म्हणायचो. ड्रमरला काय, त्याला पट्टी नसतेच.

आणि मग एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. साबणवाल्यांची गाणी एकत्र काढायची होती. भाऊजी खुर्चीत मागे रेलून हो-हो म्हणत होते. तेव्हा ताई बोलली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काही मागितलं. म्हणाली, "एक चाल माझी असेल. बिनशब्दांची. मधे ट्रॉम्बोनचा एकट्याचा तुकडा आहे." त्या माणसानं खांदे उडवले, एखादी चालेल म्हणाला.

ती चाल तिनं कधी केली होती कुणास ठाऊक. मला तिनं ती नाचाच्या शाळेच्या रिकाम्या वर्गात ऐकवली, ट्रॉम्बोनचा तुकडा नुसता गुणगुणून. बागेतला तो सूर होता तो. अगदी कडेनं जाणारा. मी म्हणालो, "ताई, दुसऱ्या कुणाला तरी बोलावू. चांगले वाजवणारे आहेत."

"आहेत," ती म्हणाली. "पण मला त्यांचा नकोय. मला यांचा हवाय. एकदा कुठेतरी नोंदवलेला राहू दे. नाहीतर मी काय ऐकून लग्न केलं, ते मलाच एक दिवस खोटं वाटायला लागेल."

रेकॉर्डिंगला अजून तीन महिने होते. गेलेला ओठ तीन महिन्यांत पुरता परत येत नाही, पण रोज घोटला तर तेवढ्या तुकड्यापुरता येऊ शकतो. ताईनं ते भाऊजींना नीट समजावलं. भाऊजी म्हणाले, "अगं, सायकल आणि ट्रॉम्बोन माणूस विसरत नाही." सायकल त्यांना येत नाही.

पहिला महिना कोट शिवण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात कव्हरवरच्या फोटोसाठी त्यांनी ट्रॉम्बोन पितळेच्या पॉलिशनं असा घासला की त्यात चेहरा बघून दाढी करावी. ताई घरात असेल तेव्हा नळ बंद ठेवायची, रेडिओ बंद ठेवायची, हो, आतून एखादा सूर आला तर ऐकू यावा म्हणून. तिसऱ्या महिन्यात भाऊजी एकदाचे दार लावून आत बसू लागले. ताईचा चेहरा उजळला. मी गेलो तर तिनं बोट ओठांवर ठेवून मला बसवलं. आतून नळी सरकल्याचा आवाज येत होता, सर्र, सर्र. फुंकल्याचा येत नव्हता. मी म्हणालो, "तेल घालून बघत असतील." थोड्या वेळानं न राहवून तिनं दार ढकललं. भाऊजी कपाटाच्या आरशासमोर नवा कोट घालून उभे होते. ट्रॉम्बोन तोंडाला लावलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि नळी पुढे-मागे चाललेली. वाजवताना आपण कसे दिसू याचा सराव चालला होता.

"दार वाजवत जा गं," ते म्हणाले.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे एका गालिच्यांच्या गोदामाचा वरचा मजला होता. भिंतींना जाड कापड, एकच खिडकी, तीही खिळे ठोकून बंद. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट कानांना हेडफोन लावून सँडविच खात होता. भाऊजींची गाणी भराभर झाली. शेवटी ताईची चाल आली. तिनं हात रुमालाला पुसले आणि सुरू केलं. मी मागून, ड्रमर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश घेऊन हळू. तुकडा जवळ आला तसे ताईनं पियानोवरून हात उचलले, कारण तिथे तिनं स्वतःसाठी काहीच ठेवलं नव्हतं. भाऊजी उठले. आरशात ठरवल्याप्रमाणे सुरेख उठले. डोळे अर्धे मिटले, नळी पुढे सारली आणि फुंकलं.

जे निघालं त्याला सूर म्हणता येत नाही. मोरीत पाणी अडकल्यावर होतं तसं काहीतरी झालं आणि पुढे नुसती हवा.

रेकॉर्डिस्टनं सँडविच खाली ठेवलं. "परत घेऊ." परत घेतलं. परत हवा. भाऊजी म्हणाले, तोंडाकडचा भाग गार आहे. गरम करून दिला. मग म्हणाले, खोलीतली हवा कोरडी आहे. मग म्हणाले, हा बेस फार जवळून वाजतोय. मी बेस उचलून भिंतीशी नेला. पुन्हा फुंकलं, तेव्हा खालच्या ओठातून रक्त आलं. ते त्यांनी रुमालावर टिपलं आणि सगळ्यांना दाखवलं.

शेवटी ते अगदी मोकळेपणानं म्हणाले, "हे बघा, मी तुकडा गाऊन टाकतो. ला-ला करून. लोकांना तेच आवडेल."

"नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट मी कधी ऐकला नव्हता. तिनं काचेकडे बघितलं. "तुकडा रिकामा राहू दे. आम्ही वाजवतो. हे उभे राहतील."

तसंच झालं. तो तुकडा आला तेव्हा माझा बेस आणि ड्रमरचे ब्रश, एवढंच उरलं. मी नीट सांगतो, मी आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलं नाही, आणि इतका राग येत असताना तर कधीच नाही. बेसच्या वर कुणी वाजवत नव्हतं आणि तरी तो सूर कुठून कुठे जायला हवा होता ते मला पावलागणिक कळत होतं. माझ्यासमोर भाऊजींची पाठ होती. नवा कोट मागून जरा आखूड झाला होता.

रेकॉर्ड आली आणि लोकांनी भाऊजींची गाणी कानामागे टाकली. सगळे ताईच्या चालीबद्दल बोलू लागले. मधे सगळं थांबतं आणि नुसता बेस चालतो, तिथे म्हणे अंगावर काटा येतो. रेडिओवर भाऊजींची मुलाखत झाली. आम्ही ताईकडे बसून ऐकली. मुलाखत घेणारी बाई भारावून म्हणाली, "कव्हरवर हातात ट्रॉम्बोन, आणि चालीत तो वाजवायचाच नाही, हे धाडस तुम्हाला कसं सुचलं?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. भाऊजींनी एक निःश्वास सोडला, चांगला मोठा. म्हणाले, "आयुष्यभर वाजवल्यावर माणसाला कळतं, की शांततासुद्धा वाजवावी लागते. मी तो तुकडा मुद्दाम सोडला."

मी ताडकन उठलो. "ताई, त्या बाईला फोन लाव! नाहीतर मी लावतो. हा निर्लज्जपणा झाला!"

"बस," ताई म्हणाली. "चहा सांडतोय."

त्यानंतर हे सगळीकडे सुरू झालं. प्रत्येक कार्यक्रमात ती चाल मागितली जायची, आणि तो तुकडा आला की भाऊजी उठून ट्रॉम्बोन छातीशी धरून, डोळे मिटून उभे राहायचे. टाळ्या त्यांना. ड्रमर एकदा मला हळूच म्हणाला, "यार, आपण फुकटच शिकलो."

मग एका दुपारी ताईनं आम्हाला तालमीला बोलावलं आणि नवीन चाल ऐकवली. पहिलीपेक्षा चांगली होती. तिनं पियानो दिला स्वतःला, बेस मला, ब्रश ड्रमरला. भाऊजी पाय हलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "छान आहे गं. पण यात माझा तुकडा कुठाय?"

ताई त्यांच्याकडे वळली. "सगळी चालच तुमची आहे," ती म्हणाली. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मुद्दाम न वाजवता उभं राहायचं. तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला नाही जमणार."

ड्रमर ब्रशच्या तारा मोजू लागला. मी मनात म्हटलं, वा ताई, टोला मारलास! उभ्या जन्माचं उट्टं काढलंस. भाऊजींचा चेहरा खरोखर विचारात पडला. कपाळाला आठी आली. त्यांनी ट्रॉम्बोनच्या पेटीकडे बघितलं, मग छताकडे बघितलं.

"चालेल," ते म्हणाले. "पण मग उजेड पूर्ण वेळ माझ्यावर राहील ना?"

"राहील," ताई म्हणाली.

ते खूश होऊन पान-सिगरेटच्या दुकानाकडे गेले. मी हसायला तोंड उघडलं आणि ताईकडे बघितलं. ती पियानोचं झाकण धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"मला वाटलं चिडतील," ती म्हणाली. "चिडून पेटी तरी उघडतील."